न वाचता रंगवलेली ओळ

९ जानेवारी, शुक्रवार

आणि म्हणूनच लॅबच्या मॅडमनी मला घेतलं. हुशार आहे म्हणून नाही, मला ती लिपी वाचता येत नाही म्हणून.

हे काल लिहायला घेतलं होतं, अर्धवट राहिलं. तर परत पहिल्यापासून. माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणारा चष्मा म्हणतो, डायरी लिहायची तर कोणीतरी वाचतंय असं धरून लिही, नाहीतर माणूस स्वतःलाच थापा मारतो. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही कोण ते मला माहीत नाही.

लॅबमध्ये ज्याला आम्ही 'वीट' म्हणतो ती एक पोथी आहे, शेकडो वर्षं जुनी. गेल्या वर्षी ग्रंथालयाच्या तळघरात वायरिंगमुळे आग लागली. पोथी कडेने जळली, आत भाजून काळी पडली, मग बंबाच्या पाण्याने भिजली, आणि सुकताना सगळी पानं एकमेकांना अशी चिकटली की उघडायची म्हणजे चुरा करायची. त्यामुळे उघडायची नाही. बंदच वाचायची. चष्मा तिचा स्कॅन काढतो, हॉस्पिटलमध्ये डोक्याचा काढतात तसा, फक्त खूप जास्त बारीक. त्यातून कॉम्प्युटरवर एकेक पान सुटं करायचं. इथपर्यंत जमतं. पण शाई काजळीची, आणि पान जळून झालंय तोही कोळसाच. काळ्यावर काळं. शाई बसलीये तिथे पानाचा पोत किंचित वेगळा असतो, एवढाच काय तो फरक. तो ओळखायला मॉडेलला, म्हणजे बघून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायचं. गेले काही महिने शिकवते मी.

शिकवायचं म्हणजे रंगवायचं. स्क्रीनवर पानाचा राखाडी तुकडा येतो. जिथे शाई असेल असं मला वाटतं तिथे मी पांढरं करते. मॉडेल ते बघून शिकतं आणि पुढचं स्वतः शोधतं. त्याने शोधलेलं जे बरोबर वाटतं ते मी ठेवते, बाकीचं पुसते, परत शिकवते. असं गोल गोल.

पोथीची जुनी लिपी येणारा माणूस रंगवायला बसला की अर्धं अक्षर दिसल्याबरोबर उरलेलं त्याच्या हातून आपोआप होतं. म्हणून मॅडमचा नियम, रंगवणाऱ्याला वाचता येता कामा नये. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुझं अज्ञान हेच तुझं क्वालिफिकेशन. जपून ठेव."

मी म्हटलं, "त्याची काळजी नको मॅडम. इंग्लिश मीडियमच्या शाळेने पक्का बंदोबस्त करून ठेवलाय."

हसल्या. मी कोणाची मुलगी ते त्यांना माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे.

१२ जानेवारी, सोमवार

बाबांबद्दल लिहायचं राहिलं.

ही पोथी बाबांच्या ताब्यात होती. ग्रंथालयातला हस्तलिखितांचा विभाग तेच बघायचे. मी लहान असताना त्यांना हिच्या शेवटच्या पानावर, समासात, उभी लिहिलेली एक बारीक ओळ सापडली. 'लिहिलं दोर वळणाऱ्याच्या मुलीने. चुकलं ते हाताचं, मनाचं नाही.' म्हणजे इतकी जुनी पोथी एका बाईने नकलून काढलेली, आणि तीही दोरवाल्याच्या घरातली. बाबांनी त्यावर पुस्तक लिहिलं. गाजलं ते. शाळेच्या पुस्तकात दोरवाल्याच्या मुलीवर धडा आला. लोक बाबांना रस्त्यात थांबवून बोलायचे आणि आई पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी राहायची.

ती ओळ बाबांनी त्या लिपीत मोठी काढून, चौकटीत घालून आमच्या बाथरूमच्या बाहेर लावली आहे. दात घासत घासत मी ती बघत मोठी झाले. बाबा मला दोरी म्हणतात तेही त्यावरूनच.

पण ती ओळ बाबांशिवाय कोणी बघितलेली नाही. पोथीच्या जुन्या फोटोंत नेमका तो समास कापला गेलाय. आणि पान इतकं ठिसूळ की नंतर बाबांनी ते कोणालाच उघडू दिलं नाही. दुसऱ्या विद्यापीठातले एक प्राध्यापक वर्षानुवर्षं सभ्य भाषेत विचारत राहिले, एकदा बघू द्या. बाबा सभ्य भाषेत नाही म्हणत राहिले. आगीनंतर प्राध्यापकांनी लेख लिहिला. त्यात शेवटी होतं की ती ओळ होती की नव्हती हे आता कधीच कळणार नाही, आणि हे काहींच्या सोयीचंच झालं.

काहींच्या म्हणजे कोणाच्या ते शेंबड्या पोरालाही कळेल.

मला एवढंच विचारायचंय, ज्याला पुरावा जळायला हवा असतो तो माणूस धुरात शिरून तोच पुरावा पोटाशी धरून बाहेर आणतो का? बाबांनी आणला. सगळी कपाटं सोडून ही एकच पोथी. बंबाचं पाणी दोघांवर एकदमच पडलं. बाबांच्या बोटांची कातडी अजून गुळगुळीत आहे, फोनचा लॉक त्यांच्या अंगठ्याने उघडत नाही.

तेव्हापासून ते कमी बोलतात. रोज सकाळी पेपरला इस्त्री करतात आणि मग वाचतात. दमट कागद हाताला लागलेला चालत नाही त्यांना. आई म्हणते, "यांना बातम्या गरमागरमच लागतात." मग आम्ही हसतो. म्हणजे नाकातून हवा सोडतो.

मी ही नोकरी त्या ओळीसाठी घेतली. ती सापडली की बाबा सुटतील. हे लिहिताना काहीतरी वाटायला हवं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल कसा असतो, हात लावला की कळतं गाल आहे, पण आपला नाही. गेलं वर्षभर तसं आहे.

२१ जानेवारी, बुधवार

रंगवलं. आणखी रंगवलं.

चष्म्याचं नाव चष्मा का, तर त्याचे दोन आहेत. एक नाकावर, एक डोक्यावर, आणि शोधत असतो तो तिसराच. आज विचारलं, "काय म्हणते वीट?"

"वीट आलाय."

हा विनोद लॅबमध्ये रोज कोणीतरी करतं. आज माझी पाळी होती.

मॉडेल मात्र भारी आहे. हे मी कोणालाही तासभर समजावून सांगू शकते. सुरुवातीला ते नुसतं चिखल दाखवायचं. आता मधल्या पानांवर ओळी येतात, सरळ, दोरी धरून आखल्यासारख्या. लॅबमधल्या लिपी येणाऱ्या काकांना मॅडम त्या दाखवतात, ते वाचतात, मजकूर जुन्या फोटोंशी जुळतो. म्हणजे आपण बरोबर चाललोय. हे सगळं मी आईला सांगत होते. आई म्हणाली, "एवढं त्या यंत्राला शिकवतेस, त्यातलं थोडं भावाला शिकवलं असतंस तर त्याचं गणित सुटलं असतं."

मला भाऊ नाही. आईचा आवडता विनोद आहे हा. बऱ्याच दिवसांनी केला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली.

नीट लिहिते. गेला आठवडा मी शेवटच्या पानावर होते. समास सगळ्यात वाईट जळलाय. पण उजवीकडे खाली पोत लागला, तुटक तुटक. रंगवायला घेतलं आणि हात इतका छान चालला की बाकीच्या पानांवर कधीच चालला नव्हता. इतर ठिकाणी मी एका रेघेसाठी थांबते, चहा पिऊन येते, परत बघते. इथे थांबावंच लागलं नाही. मला वाटलं, चला, एवढ्या महिन्यांनी हात बसला एकदाचा.

मग मॉडेलला शिकवलं, परत चालवलं, आणि आज जेवणाच्या सुट्टीनंतर स्क्रीनवर ती उभी होती. पांढरी. मला वाचता येत नाही पण ही कोण ते मी ओळखलं, शाळेतून येताना गर्दीत आपली आई ओळखू येते तसं.

काकांनी वाचून दाखवली. अक्षर न् अक्षर तीच. मॅडमनी मला मिठी मारली, त्यांच्या ओळखपत्राचा क्लिप माझ्या कानाला लागला. चष्म्याने दोन्ही चष्मे काढले. कोणीतरी केक आणायला गेलं. मी बाथरूममध्ये जाऊन आरशात बघितलं, चेहऱ्यावर काय आहे ते बघायला. काही नव्हतं. हात धुऊन बाहेर आले.

आनंद झाला असणार. उशिरा पोचेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

काल घरी गेले तेव्हा बाबा गॅलरीत होते, आई स्वयंपाकघरात. मी मधे उभी राहून दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाबा, ओळ सापडली."

आईने गॅस बंद केला. बाबा वळले. मग म्हणाले, "कुठे?"

"शेवटच्या पानावर. समासात. उजवीकडे, खाली."

"खाली."

"हो. उभी आहे. काकांनी वाचली, अक्षर न् अक्षर तुमच्यासारखी."

"बरं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने, "मशीन हुशार आहे तुमचं."

मला वाटलं होतं रडतील. मी त्यासाठी रुमाल घेऊन उभी होते, खरंच. बाबांना या पोथीतल्या किड्यांनी खाल्लेल्या भोकांच्या जागासुद्धा पाठ आहेत. कोणत्या पानावर शाई सांडलीये, कुठे लेखनिक डुलकी लागून घसरलाय. लहानपणी गोष्ट सांगावी तसं सांगायचे. धक्का बसला की माणूस काहीही विचारतो.

आई म्हणाली, "झालं ना आता? मिटलं. आता तो विषय बंद करा आणि जेवायला बसा."

जेवणं झाली. नंतर बाबांनी कालचाच पेपर परत इस्त्री केला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

प्राध्यापकांचा फोन आला, मॅडमनी स्पीकरवर ठेवला. मला वाटलं होतं कर्कश असतील. मऊ आवाज आहे, मधे मधे खोकतात.

"एकच शंका," ते म्हणाले. "शेवटचं पान कोणी रंगवलं?"

मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्यांच्या मुलीने. आणि ती लिपी तिला वाचता येत नाही, हे मी लेखी देते. आमच्याकडे तसा नियमच आहे."

पलीकडे जरा वेळ नुसतं खोकणं. मग म्हणाले, "वाचता येत नसेल तर प्रश्नच मिटला. मी चुकलो. ते 'सोयीचं' वगैरे लिहायला नको होतं मी. सव्वीसला तुम्ही ओळ जाहीर करणार त्या सभेला येतो, आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो. ते येतील ना?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. येतील.

फोन ठेवल्यावर मॅडम म्हणाल्या, "असा माणूस दुर्मिळ असतो हं. चूक झाली तर चव्हाट्यावर कबूल करणारा." मी म्हटलं, हो. मला त्यांचा राग करायची इतकी सवय झाली होती की आता त्या जागी काय ठेवायचं कळेना.

१५ फेब्रुवारी, रविवार

मावशीचा फोन. तिला पेपरमधून कळलं, म्हणून आधी आईला झापलं, मग मला मागितलं.

"दोरीबाई, बापाचं नाव काढलंस."

मी म्हटलं, "नाव त्यांनीच दिलंय ना मावशी, पोथीतलं."

"कुठली पोथी? अगं तू उभी राहायला शिकलीस ती कपडे वाळत घालायच्या दोरीला लोंबकळून. ओले टॉवेल अंगावर घेऊन पडायचीस. तेव्हापासून तुझा बाप तुला दोरी म्हणतो. त्या पोथीबिथीचं पुढे कितीतरी दिवसांनी निघालं. मी तर तुझ्या आईला म्हटलंही होतं, बघ, भाऊजींना तिथेही दोरीच सापडली."

आणि हसली, खो खो. मीही.

फोन झाल्यावर आईला विचारलं. आईने नळ सोडला, भांडी आधीच धुतलेली होती. म्हणाली, "तुझी मावशी काहीही बोलते. तिला स्वतःच्या लग्नाचं वर्ष आठवत नाही."

ते खरं आहे. मावशीचं वय झालंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चष्मा घरी आला होता, सभेत दाखवायचे फोटो निवडायला. आईने त्याला बळेच वाढलं. "एवढासा घास? चष्म्यातून दिसत नाही का ताट?" तो लाजला. बाबा त्याच्याशी स्कॅनबद्दल चार वाक्यं बोलले, ही बातमीच म्हणायची.

जेवल्यावर हात धुवायला गेला तो परत येईना. मी बघायला गेले. चौकटीसमोर उभा होता, ओले हात तसेच.

"हे कधीपासून आहे इथे?"

"मी शाळेत जायच्या आधीपासून. का?"

"रोज दिसतं?"

"बाथरूमच्या बाहेर आहे, चष्मा. रोज नाही दिसलं तर आजारी आहे असं समज."

तो हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "समास रंगवताना हे डोक्यात होतं तुझ्या?"

"मला वाचता येत नाही."

"वाचायचं नाही विचारलं मी."

"मग काय विचारलंस?"

"वळण. आता डोळे मिटून काढ म्हटलं तर काढशील?"

मी म्हटलं, "टॉवेल डावीकडे आहे." मी आत निघून आले. तो थोड्या वेळाने आईला 'येतो काकू' म्हणून गेला. फोटो निवडायचे राहिलेच.

मग मी एक पाठकोरा कागद घेतला, डोळे मिटले आणि काढून बघितलं.

काढता येते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लॅबमध्ये चष्म्याशी बोलले नाही. दुपारी मीच गेले त्याच्या टेबलाशी.

"समज, मी वळणावरून रंगवलं. तरी पोत होता म्हणूनच रंगवलं ना? काहीच नसताना कसं रंगवेन?"

"जळक्या समासात पोत सगळीकडे आहे. ढगात हत्ती दिसतो तसा." तो कीबोर्डवरचा चुरा झटकत होता. "तू हत्ती काढलास, मॉडेल हत्ती शिकलं, मग त्याने हत्ती दाखवला. मग तू म्हणालीस, बघा, त्यालाही हत्तीच दिसतोय."

"मला मुद्दाम करायचं नव्हतं."

"मला माहितीये गं."

"मग आता?"

"तुझं शेवटचं पान काढून टाकू. मधल्या पानांवर शिकलेलं मॉडेल आहे, ते कोरंच्या कोरं या पानावर सोडू. त्याने तुमचं बाथरूम बघितलेलं नाही."

मी म्हटलं, चालव.

हो म्हणायला मला जराही वेळ लागला नाही, हे इथे लिहून ठेवते. मला खात्री होती म्हणून की काहीच वाटत नव्हतं म्हणून, ते सांगता येणार नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आलं.

शेवटचं पान कधी नव्हे इतकं स्वच्छ आलंय. पूर्ण मजकूर, काकांनी न अडखळता वाचला. समासात वरच्या बाजूला लेखनिकाने बोरू पुसलाय त्याचे ठिपकेसुद्धा आले. बारीक, एकाखाली एक. खाली उजवीकडे काही नाही. नुसता पोत, सगळीकडे असतो तसा.

मी म्हटलं, "पाण्याने धुतली गेली असेल."

चष्मा म्हणाला, "असेल."

"खालची बाजू जास्त भिजली होती."

"हो." मग, "ठिपके धुतले गेले नाहीत पण."

काकांना आम्ही फक्त मजकूर दाखवला, समास झाकून. का झाकला, ते त्यांनी विचारलं नाही. मॅडमना अजून काहीच माहीत नाही, त्या हॉलच्या खुर्च्या मोजण्यात आहेत.

चष्मा म्हणाला, "मी कोणाला सांगणार नाही. मी तुझ्या बाबांचा कोणी लागत नाही, त्या प्राध्यापकांचाही नाही. स्कॅन काढतो मी. सांगायचं तर तूच सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी पुढच्या विटेचा स्कॅन काढेन." त्याने नाकावरचा चष्मा डोक्यावर ठेवला आणि डोक्यावरचा नाकावर आणला. "पण मग रंगवायला दुसरं कोणीतरी बघायला लागेल. मला तुझं रंगवलेलं बघवणार नाही."

वाईट वाटायला हवं होतं. बसस्टॉपपर्यंत चालत गेले, बस आली, चढले, उतरले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

उद्या सभा. मॅडमनी सकाळी निरोप दिला, पडद्यावर लावायचं चित्र आज पाठव, शेवटच्या पानाचं. माझ्याकडे दोन आहेत. एकात ओळ आहे, एकात नाही.

दोन्ही छापून घरी आणली. का आणली, माहीत नाही.

संध्याकाळी आई बाबांचा शर्ट काढून बसली होती. निळा, बारीक रेघांचा. बाबा म्हणाले, "मी येत नाही."

आई म्हणाली, "येत नाही म्हणजे? तो माणूस माफी मागायला एवढ्या लांबून येतोय."

"त्याला सांगा, गरज नाही."

"गरज त्याला नसेल, मला आहे." आईचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. वरच्या पट्टीतला नव्हता, उलट बसलेला. "लोक दुकानात माझ्याशी बोलायचे थांबले होते. मी कधी बोलले का तुम्हाला? कधी काही विचारलं का? तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. उद्या फक्त यायचं, खुर्चीवर बसायचं, आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्यायचं. एवढंच सांगतेय."

आई शर्ट तसाच ठेवून आत गेली.

मग मी दोन्ही छापील कागद त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. शेजारी शेजारी. म्हटलं, "बाबा, हे पहिलं, मी रंगवलेलं. आणि हे दुसरं, मशीनने एकट्याने केलेलं. दुसऱ्यात ओळ येत नाही. पाण्याने गेली असेल ना?"

बाबांनी खिशातून चष्मा काढला, घातला. पहिल्या कागदाकडे फार बघितलंच नाही, अनोळखी माणसाकडे बघावं इतपत. दुसरा मात्र उचलला. खिडकीपाशी नेला. वरपासून खालपर्यंत वाचत गेले, ओठ हलत होते. त्या पोथीचं पान त्यांनी आगीनंतर आज पहिल्यांदा वाचलं असणार. ठिपक्यांपाशी थांबले. "बोरू पुसलाय," म्हणाले, आणि हसले. अगदी थोडंसं, पण तोंडाने हसले. मग खाली उजवीकडे, कोऱ्या समासावर, त्यांनी ते गुळगुळीत बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"हे बरोबर वाचलंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "कुठलं, मजकूर का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं काहीतरी सांगणार आहेत. म्हणाले, "तुझं यंत्र चांगलं आहे, दोरी. मी उगाच टोमणा मारला होता त्याला."

"उद्या याल?"

"तू जे लावशील ते बघायला येईन."

त्यांनी शर्ट उचलला आणि इस्त्री लावायला गेले. दुसरा कागद बरोबर घेऊन गेले, पहिला टेबलावरच राहिला. आता आतून इस्त्रीच्या वाफेचा आवाज येतोय, आणि आई विचारतेय, "कॉलर झाली का?", आणि बाबा म्हणतायत, "होतेय."

मजकूर फार स्वच्छ आलाय, असंच त्यांना म्हणायचं असणार. इतक्या दिवसांनी आपली पोथी वाचायला मिळाल्यावर माणूस दुसरं काय म्हणेल. बोट तिथे सहज ठेवलं असेल. कुठेतरी ठेवायचंच असतं.

मी पहिली फाईल लावली तर प्राध्यापक उठून माफी मागतील, आई पहिल्या रांगेत बसून ऐकेल, आणि शाळेच्या पुस्तकात दोरवाल्याची मुलगी राहील. बाबा बघतील. दुसरी लावली तर हॉलमधलं प्रत्येक डोकं बाबांकडे वळेल, आणि आई त्यांच्या शेजारीच बसलेली असेल. तेव्हाही बाबा बघतील.

मॅडमचा परत मेसेज आलाय, चित्र कुठे. दोन्ही फाईल समोर उघड्या आहेत. पाठवायला एक क्लिक लागतो, आणि बोटाला काही वाटत नाहीये, त्यामुळे बोट काही सांगणार नाही.

तुम्ही सगळं वाचलंत. तुम्ही माझ्या जागी असता तर कोणती पाठवली असती?